पाठीचा किरणविरहित स्कॅन: दोन एक्स-रेंमधल्या काळासाठी उत्तम, निदानासाठी अपुरा

सेवा: वाढत्या मुलामुलींच्या मणक्याच्या बाकासाठी पृष्ठभाग-स्कॅन. ठिकाण: घोडबंदर रोड, ठाणे येथील एक फिजिओथेरपी केंद्र.

उघड्या पाठीवर प्रकाशाच्या समांतर पट्ट्या टाकतात, त्या कुठे किती वळतात ते कॅमेरा टिपतो आणि संगणक पाठीचा त्रिमित नकाशा बनवतो. काही सेकंदांचं काम, किरणोत्सर्ग शून्य. मानेखालचं ठळक हाड आणि कमरेवरच्या दोन खळ्या या नकाशाच्या खुणा. त्यामुळे केस वर बांधलेले हवेत आणि पँट खळ्यांच्या खाली सरकवलेली हवी. इथे त्याकडे नीट लक्ष देतात, मुलींसाठी महिला तंत्रज्ञ असते. हे फार मोलाचं आहे, कारण अवघडून उभ्या राहिलेल्या मुलीची पाठ खरी दिसत नाही. पायांच्या जागा मात्र जमिनीवर आखलेल्या नाहीत. दर वेळी उभं राहणं बदललं की आकडेही हलतात. ब्रेस (बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा कडक पट्टा) वापरणाऱ्यांनी तो काढल्यानंतर दर वेळी तेवढ्याच वेळाने स्कॅन करावा, कारण ब्रेसमधून सुटलेला कणा हळूहळू पुन्हा वाकतो. स्थूल मुलांमध्ये खुणा नीट सापडत नाहीत.

खरी तक्रार रिपोर्टबद्दल. त्यात बाकाचा कोन ठळक छापतात, पण तो कॉब कोन नाही. यंत्र त्वचा पाहतं, मणके नाही. कॉब कोन एक्स-रेवर, बाकाच्या दोन टोकांच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांवरून मोजतात: १०° किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस (कण्याचा बाजूला गेलेला बाक), वाढ बाकी असताना साधारण २५° ते ४०° ला ब्रेस, ४५°-५०° च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. ब्रेसचा निर्णय केवळ या रिपोर्टवर कधीच घेऊ नका. वाढ किती उरली हे सांगणारी कमरेच्या हाडावरची रिसर खूणही यात दिसत नाही.

मग उपयोग काय? मोठा आहे. पहिला एक्स-रे हाताशी असेल, तर वाढीच्या भरातल्या वर्षांत अधूनमधून स्कॅन करून एक्स-रेंची संख्या कमी ठेवता येते. दोन-तीन अंशांच्या फरकाने घाबरू नका; एक्स-रेच्या मोजणीतही सुमारे ५° चा फरक पडतो. आकडा सलग वाढत गेला तर मात्र थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. एक्स-रे लागलाच तर पाठीमागून पुढे काढायला सांगा, छातीला किरण कमी लागतात.