ठाण्यातला तीन वाणांचा गहू बियाणे संच: तांबेऱ्यासाठी घ्यावा का?

ठाणे स्टेशनजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात दसऱ्यानंतर गव्हाचा 'तीन वाणांचा संच' मिळतो. त्र्यंबक, तपोवन आणि लोक-1, प्रत्येकी 20 किलो. तिन्ही मिसळून एकाच रानात पेरायचे, म्हणजे तांबेरा (गंजाच्या रंगाचे फोड आणणारा बुरशीचा रोग) आवरतो, ही कल्पना. एकरी 40 किलो धरलं तर दीड एकराचं बियाणं. राहणं ठाण्यात आणि रान नाशिक-जुन्नरकडे, अशा मंडळींना सोयीचा.

पिशव्या वेगवेगळ्या, सीलबंद, प्रत्येकीला प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग. हे फार चांगलं. आधीच मिसळलेलं बियाणं घेऊच नये, त्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो. उगवण किमान 85 टक्के आणि मुदत, दोन्ही तिन्ही टॅगांवर तपासा.

लोक-1 तांबेऱ्याला बळी पडतो, तरी इथे चालतो. सगळं रान लोक-1चं असेल तर एका फोडातले बीजाणू शेजारच्या पानावर पडतात आणि दीडेक आठवड्यात तिथे नवे फोड. मिश्रणात त्यातले बरेच प्रतिकारक रोपांवर पडून वाया जातात, साथ मंदावते. शिवाय लोक-1चा दाणा टपोरा, त्यामुळे तेवढ्याच किलोत त्याची रोपं कमी. ते पथ्यावरच पडतं.

खरी उणीव माहितीपत्रकात. कुठल्या वाणात कुठलं प्रतिकार-जनुक, याबद्दल एक ओळ नाही. दोन वाणांत जनुक एकच असेल तर नावं दोन, कवच एकच. एसआर31 या जनुकावर जगभरचे कितीतरी वाण विसंबून होते. 1998 साली युगांडात सापडलेल्या युजी99 या काळ्या तांबेऱ्याच्या प्रकाराने तेच भेदलं. दुकानदाराने ही माहिती छापायलाच हवी.

तपोवन संपलं की बदली म्हणून गोदावरी पुढे करतात. घेऊ नका. तो बन्सी गहू, रव्या-शेवयांचा. संचातले तिन्ही वाण सरबती, म्हणजे पोळीचे; त्यांत हा मिसळला की वाशीच्या दाणाबाजारात भाव पडणारच.

पेरणीआधी तिन्ही पिशव्या ताडपत्रीवर ओतून ढीग चार-पाच वेळा फावड्याने उलटा, मग किलोला 3 ग्रॅम कार्बोक्सिन-थायरम चोळा. हे बुरशीनाशक आहे. ही पायरी गाळू नका: काणी (ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) बियाण्यातूनच येते, ती मिश्रणाने थांबत नाही. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. लोक-1 काही दिवस आधी पिकेल, पण कापणी त्र्यंबक पक्व झाल्यावरच.

घरचं बियाणं पुढच्या हंगामाला एकदाच वापरा. जो वाण जास्त फुटवे करतो त्याचं प्रमाण दरवर्षी वाढत जातं, आणि तो लोक-1ही असू शकतो.