केळशीकडचा होमस्टे: सिनेमाला पाच स्टार, पंगतीला दोन

आधीच सांगते, नुसता समुद्र आणि मोदक हवे असतील तर केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात ह्याहून स्वस्त आणि बीचला खेटून असलेले होमस्टे ढिगाने आहेत. इथे यायचं ते घरमालक काकांच्या सिनेमासाठी. शनिवारी रात्री जेवणं उरकली की चुना मारलेल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावतात, खळ्यात सतरंज्या, गुडघेदुखीवाल्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सिनेमा कायम सायन्स फिक्शन, तोही काकांच्या एकाच लाडक्या विषयावरचा, म्हणजे रंग आणि वंश बघून माणसांना वेगळं कसं बसवतात आणि बाकीचे देश त्यावर काय करतात किंवा करत नाहीत. काका मर्चंट नेव्हीत होते, त्यामुळे गप्पा पुस्तकी नसतात, बंदरांच्या असतात.

आम्ही गेलो तेव्हा डिस्ट्रिक्ट 9 होता, नील ब्लोमकॅम्पचा, 2009चा. बऱ्याच जणांनी बघितला असेल पण मारामारीचा पिक्चर म्हणून. गोष्ट अशी की 1982 साली दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गवर एक प्रचंड यान येऊन अधांतरी थांबतं, आतले परग्रहवासी उपाशी, आजारी, त्यांना खाली आणून एका तळावर ठेवतात आणि बघता बघता त्याची झोपडपट्टी होते. मग शहराला ती डोळ्यांसमोर नको होते आणि सगळ्यांना लांबच्या छावणीत हलवायचं काम मिळतं एका कंपनीला, जिला खरा रस त्यांच्या हत्यारांत आहे. विकस नावाचा ऑफिसबाबू फॉर्म घेऊन झोपडी झोपडी फिरतो. नोटीस दिली की सही पाहिजे, एक परग्रहवासी वैतागून पॅडला फटका मारतो, कागदावर ओरखडा उठतो, आणि हा खुश, झाली सही! खळ्यात सगळे हसले, सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेले जरा जास्तच. माझ्या मते अख्ख्या सिनेमात सगळ्यात भयंकर सीन तोच आहे, बंदुका नंतर येतात, आधी सगळं कसं रीतसर, कागदोपत्री, नियमात बसवून.

काकांची खोड म्हणजे ऐन रंगात सिनेमा पॉज करतात. काही जण वैतागतात, मला आवडलं. पॉज करून त्यांनी केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स सांगितला. सिनेमाचं नाव तिथूनच सुचलंय. 11 फेब्रुवारी 1966ला तो भाग फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 60,000 माणसं तिथून उचलून वाळवंटासारख्या केप फ्लॅट्सवर नेऊन टाकली, घरांवर बुलडोझर. कायदा होता 1950चा, ग्रुप एरियाज ॲक्ट. म्हणजे सही-शिक्क्यानिशीच सगळं.

मग आत जाऊन जुना पासपोर्ट घेऊन आले. निळसर कव्हर फाटलेलं, आत खारट ओलीने पानं फुगलेली, आणि त्यात सरळ छापलेलं की दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही. आमच्याबरोबरच्या कॉलेजच्या मुलांना हे खरंच वाटेना. म्हणजे आपल्या सरकारने एका देशाचं तोंडच बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते 1946पासून. त्या वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न थेट युनोत नेला, शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. स्वातंत्र्य मिळायचं होतं अजून हो! आणि त्यावर दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे पंतप्रधान जनरल स्मट्स ह्यांचं म्हणणं काय, तर हा आमचा घरचा मामला, तुम्ही बोलू नका. हेच स्मट्स साहेब, ज्यांचा युनोच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात मोठा हात, मूलभूत मानवी हक्क वगैरे शब्दांसकट. 1974ला आपण टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचलो तर समोर दक्षिण आफ्रिका, आपण खेळलोच नाही, कप त्यांना गेला. एका आजोबांना हे आठवत होतं, ते अजूनही हळहळतात.

इथवर सगळे छाती फुगवून बसलेले. तेव्हा काका म्हणाले, 'आता 2001.' त्या वर्षी डर्बनला वंशवादाविरोधात युनोची परिषद भरली, दलित संघटना तिकडे गेल्या की जातीचाही विषय घ्या, आणि आपल्या सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न. खळ्यात एकदम चुळबूळ. एक गृहस्थ म्हणाले पण मुद्दा बरोबरच आहे ना, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यावर जाम वाद झाला. काकांनी आवाज न चढवता एवढंच सांगितलं की बाबासाहेबांनी 1946लाच अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस ह्यांना पत्र लिहिलं होतं, तिथले कृष्णवर्णीय युनोत अर्ज देतायत त्याच्या प्रती मागायला, आणि अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की अभ्यास करणं भागच आहे असं त्यात लिहिलं होतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे इथून फार लांब नाही, शेजारच्या मंडणगड तालुक्यात. आम्ही येताना महाडवरून म्हाप्रळमार्गे आलो, चवदार तळ्याशी थांबलो होतो, 1927चं सगळं डोक्यात ताजं होतं, त्यामुळे मला तर हा भाग सिनेमाइतकाच भारी वाटला.

सिनेमाला मी मात्र पूर्ण मार्क देणार नाही. परग्रहवाशांना कुठला देश नाही, म्हणून वकिलात नाही, युनोत त्यांच्या बाजूने उठणारं कोणी नाही, हे फार नेमकं दाखवलंय. पण त्याच सिनेमात नायजेरियन लोक म्हणजे कोण, तर गुंड, हत्यारविके आणि माणूसखाऊ. टोळीच्या म्होरक्याचं नाव त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या नावासारखं. नायजेरियाच्या तेव्हाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली चिडल्या, थिएटरवाल्यांना सिनेमा काढा म्हणाल्या, आणि मला ते चिडणं पटतं. बंदी नको, पण राग रास्त आहे. शूटिंग 2008ला जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातल्या खऱ्या झोपडपट्टीत, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत परदेशी आफ्रिकन लोकांवर हल्ले होऊन 60हून जास्त माणसं मेली. म्हणजे कालपर्यंत ज्यांना हाकलत होते त्यातलेच काही आज दुसऱ्यांना हाकलायला निघाले होते, आणि दिग्दर्शकाला हे कळत असूनही त्याने बाहेरचा वाईट माणूस नायजेरियनच केला. ह्यावर काकांकडे उत्तर नव्हतं, ते म्हणाले, 'अगं, सिनेमावाल्याला पण कोणीतरी व्हिलन लागतोच.' पटलं नाही.

आता पंगत. जेवण उत्तम, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आदल्या दिवशी सांगितलं तर कोळंबीचं कालवण (पडद्यावर परग्रहवाशांना प्रॉन म्हणून हिणवत होते तेव्हा आमचे हात जेमतेम वाळले होते). पण ड्रायव्हरची थाळी वेगळी, कमी पैशात, मासा नाही, आणि वाढतात मागच्या पडवीत, लाकडं रचलेली असतात तिथे. पुण्याच्या एका कुटुंबाचा ड्रायव्हर तिथेच जेवला आणि सिनेमाभर तिथेच मोबाइल बघत बसला, सतरंजीवर ये म्हणून त्याला ना त्या कुटुंबाने बोलावलं ना काकांनी. मी काकांना विचारलं तर म्हणाले, 'त्यांनाच आपल्यात मोकळं वाटत नाही, आणि इकडे सगळीकडे पद्धतच आहे तशी.' मी म्हटलं काका, हे तर तुमच्या स्मट्सचं झालं. मनापासून हसले. सकाळी घावनं परत मागच्या पडवीतच गेली.

त्याचे स्टार मी कापलेत आणि ते वाचतील म्हणून मुद्दाम लिहितेय. ड्रायव्हर घेऊन जाणार असाल तर बुकिंगच्या फोनवरच सांगा की सगळे एकत्र बसू, आणि त्याच्या थाळीचे पूर्ण पैसे द्या, काकूंना काही अडचण दिसली नाही.

बाकी स्पीकर एकच आहे आणि तो फुटक्या आवाजाचा, सबटायटल्स इंग्रजी, त्यामुळे सासूबाईंना मी कानात सांगत होते. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, प्रोजेक्टर नाही. डास भयंकर. खोल्या स्वच्छ, गरम पाणी बंबाचं. ट्रेनने येणार असाल तर खेडला उतरा, तिथून एसटीने दापोली, पुढची गाडी मात्र आधी विचारून घ्या, संध्याकाळनंतर रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. पावसाळ्यात सिनेमे बंद.