वळीव कोसळतोय आणि सायकल खाली उभी आहे: थांबावं, निघावं की मेट्रो गाठावी?

पुण्यात कल्याणीनगर ते कोथरूड, साधारण तेरा किलोमीटर. एरवी संध्याकाळी मला पन्नास-पंचावन्न मिनिटं लागतात. एप्रिल-मे उजाडला की मात्र अधूनमधून पाचच्या सुमाराला खिडकीबाहेर अंधारून येतं, पार्किंगमधला पालापाचोळा गोल गोल फिरायला लागतो आणि ऑफिसात नव्याने सायकल धरलेलं कुणीतरी टेबलाशी येऊन विचारतं, "आता काय करायचं?" गेल्या मेमध्ये हे तिसऱ्यांदा झालं, तेव्हा एकदाचं लिहून काढायचं ठरवलं.

पर्याय चारच आहेत. पाऊस ओसरेपर्यंत थांबायचं, तसंच निघायचं, सायकल तिथेच ठेवून बस किंवा रिक्षा धरायची, नाहीतर सायकलसकट मेट्रोत शिरायचं. यातलं काय चांगलं हे महिन्यावरही ठरतं, कारण मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस यांच्या स्वभावात फार फरक आहे. त्याआधी घाबरायचं कशाला, तेवढं पाहून घेऊ.

भिजण्याला घाबरू नका. मेच्या उकाड्यात भिजलेला शर्ट घरी पोचेतो अर्धा वाळतो. घाबरायचं ते विजेला, वाऱ्याला आणि वाऱ्याने जे जे खाली येतं त्याला. "सायकलला रबराचे टायर असतात, वीज लागत नाही" हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली येते, ती दोन बोटं रबरापाशी कशाला अडेल? मोटारीत माणूस वाचतो तो तिच्या पत्र्याच्या बंद कवचामुळे. टायरचा त्यात काही वाटा नाही. सायकलवर तर आपणच रस्त्यावरचं उंच टोक असतो, बंडगार्डनच्या पुलावर तर फारच. शिवाय वीज थेट डोक्यावरच पडायला हवी असंही नाही. जवळच्या झाडावर पडून बाजूला उडी मारते, किंवा जमिनीतून पसरत पायांपर्यंत येते, आणि बहुतेक माणसं तशीच सापडतात.

थांबणं

मेमध्ये माझं मत जवळजवळ नेहमी थांबण्याच्या बाजूने पडतं, आणि त्याचं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. वळिवाचा एक ढग दुपारभर तापलेल्या हवेवर उभा राहतो, वर ऐरणीसारखा पसरतो आणि एकदा कोसळायला लागला की तासाभरात बहुधा रिकामा होतो. समजा साडेपाचला सुरुवात झाली आणि सव्वासहाला शेवटचा गडगडाट ऐकू आला. त्यानंतर अर्धा तास थांबायचं, म्हणजे पावणेसात. रस्त्यावर फांद्या पडलेल्या असतात म्हणून हळू चालवलं तरी पावणेआठला घरी. उलट साडेपाचलाच निघालात, तर समोरचा वारा आणि तुंबलेले चौक धरून सगळं सुरळीत पार पडलं तरी सात वाजतात. म्हणजे एवढा जीव धोक्यात घालून पदरात पडली पाऊण तासाची बचत.

तो अर्धा तास माझ्या मनचा नाही. वीज पावसाच्या पुढे-मागे दहा-दहा किलोमीटरवरही पडते, म्हणून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत राहायचं, हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. ढग किती लांब आहे हे काढायला घड्याळ पुरतं: चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं. बारा सेकंद झाले तर वीज चार किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की बाहेर पडायचं नाही. फोनवर 'दामिनी' अॅप ठेवा. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, म्हणजे आपल्या घरचंच आहे, आणि आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशाराही चारनंतर एकदा बघावा. त्यात 'ताशी ५० ते ६० किलोमीटर वारे' दिसलं, तर मी सरळ चहा सांगतो.

थांबण्यातली खोट अशी की मेमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे शेवटचा टप्पा अंधारात जातो. मागचा लाल दिवा नसेल तर हा पर्याय बाद समजा.

तसंच निघणं

हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी, मेचा दुसरा आठवडा. पाऊस सुरूही झाला नव्हता, नुसता वारा होता. पुलाच्या मध्यावर डावीकडून असा झोत आला की सायकल अख्खी एक लेन उजवीकडे सरकली. मागचा टेम्पोवाला शहाणा, तो आधीच अंतर ठेवून होता. ढगातून पाऊस खाली येताना थंड हवा बरोबर खेचून आणतो. ती जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, म्हणून सर्वांत जोरदार वारा पहिल्या थेंबाच्याही आधी येतो. "पाऊस यायच्या आत सटकू" हा बेत म्हणूनच फसवा आहे. नेमक्या त्या दहा मिनिटांतच झाडं पडतात.

आणि झाडांचं म्हणाल तर सगळी सारखी नसतात. मेमध्ये गुलमोहर फुलांनी लगडलेला असतो, त्याचं लाकूड ठिसूळ. सुबाभूळ आणि ग्लिरिसिडियाही भरवशाचे नाहीत. त्यात खोडाभोवती फूटपाथचं काँक्रीट गच्च आवळलेलं आणि एका बाजूची मुळं कुठल्या तरी खोदकामात तुटलेली. त्याच दिवशी कर्वे रस्त्यावर माझ्यापुढे वीस-पंचवीस फुटांवर गुलमोहराची फांदी आडवी झाली. फुलांसकट. दिसायला सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे.

एवढं सगळं असूनही निघणं भाग असेल (पाळणाघर बंद व्हायची वेळ असते, मी समजू शकतो), तर निदान ही तयारी असू द्या. रिमब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत गुटके पकडतच नाहीत. आधीपासून हलके दाबून रिम पुसत राहायचं. डिस्कब्रेक इथे सरळ वरचढ. मेच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साठलेलं ऑइल आणि धूळ वर येते, तेव्हा झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं आणि पेव्हर ब्लॉक साबणासारखे होतात. त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही मारायचा नाही. पोंचो घालू नका. सायकलवाल्यांना तो आवडतो, मान्य; श्रावणातल्या रिमझिमीत मलाही आवडतो. वळिवाच्या वाऱ्यात मात्र त्याचं शीड होतं आणि टोक चाकात जातं. दोन तुकड्यांचा रेनकोट, नाहीतर नुसतं भिजणं बरं.

अर्ध्यावर गाठलं तर

लोक खरी चूक इथे करतात, कारण आडोसा दिसला की माणूस थांबतो आणि वर काय आहे ते बघत नाही. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्याजवळ, मुंबई-पुणे महामार्गाच्या सेवा रस्त्यावर वादळी पावसातून वाचायला थांबलेल्या माणसांवर लोखंडी होर्डिंग कोसळलं आणि पाच जण गेले. पुढच्याच वर्षी १३ मे रोजी घाटकोपरला पेट्रोलपंपावर अवाढव्य होर्डिंग पडून सतरा जणांचा जीव गेला. तेव्हापासून मी आडोशाला उभं राहण्याआधी मान वर करून बघतो.

म्हणून आडोशांची माझी उतरंड अशी. पक्क्या इमारतीचा आतला भाग सर्वांत चांगला: दुकान, बँक, सोसायटीची लॉबी, मेट्रो स्टेशन. कुणी हाकलत नाही. वळिवात पुणेकरसुद्धा दोन पावलं आत सरकून जागा देतो. त्याखालोखाल मेट्रोचा पूल किंवा उड्डाणपूल. तिथे झाड आणि होर्डिंग डोक्यावर येत नाही, पण खांबाला टेकायचं नाही आणि वरून धार पडते तिथे उभं राहायचं नाही. पत्र्याचा बसथांबा पावसापुरता, विजेसाठी त्याचा उपयोग नाही. चहाची टपरी कितीही मोहाची वाटली तरी तिचे पत्रे उडतात. झाडाखाली तर कधीच नाही. विजेच्या डीपीपासून आणि साचलेल्या पाण्यातल्या दिव्याच्या खांबापासून सायकल आणि आपण दोघांनीही लांब राहायचं.

बस, रिक्षा

पाऊस पडायला लागला की अॅपवर रिक्षा मिळत नाही, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. पण मिळाली तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: रिक्षाचं छत कापडी-रेक्झिनचं, बाजू उघड्या. विजेच्या दृष्टीने ती मोटार नाही. पीएमपीची पत्र्याची बस, खिडक्या लावलेली, तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. फक्त ती तुंबलेल्या चौकात तुमच्याबरोबरच उभी राहणार. सायकल मागे ठेवायची तर चाकाला लावलेल्या कुलपावर विसंबू नका, फ्रेम स्टँडला बांधा.

मेट्रो

वनाझ ते रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण जोडला गेला आणि माझ्यासारख्याचं गणित बदललं. कल्याणीनगर स्टेशन गाठलं की कोथरूडमधल्या वनाझपर्यंत ढगाखालून, पण बंद डब्यात. पुणे मेट्रोत सायकल नेता येते. लिफ्ट वापरायची, जिना नको, आणि डब्याच्या टोकाला उभं राहायचं. घडीची सायकल असेल तर राजासारखे जाल. पूर्ण आकाराची, तीही ठिबकणारी सायकल सहाच्या गर्दीत घेऊन जाणं मात्र थोडं लाजिरवाणं होतं. दोन्ही मार्ग मिळतात त्या सिव्हिल कोर्ट स्टेशनला स्वारगेट-पिंपरीकडची माणसं चढतात तेव्हा तुमच्याकडे बघण्याची त्यांची नजर सगळं सांगते. मी हल्ली एक तर साडेपाचच्या आत चढतो, नाहीतर सायकल ऑफिसातच ठेवतो.

मेट्रोचा आणखी एक फायदा लोक विसरतात. वळीव तुकड्यातुकड्यांनी पडतो. कल्याणीनगरला धो धो आणि वनाझला उतरावं तर रस्ता कोरडा ठणठणीत, असं मी कितीदा पाहिलंय. तिथेही पडत असेल तर स्टेशन आहेच, कडकडाट थांबेपर्यंत आत उभं राहायचं.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये?

तेव्हा थांबण्याचा माझा लाडका सल्ला मी मागे घेतो. परतीच्या पावसात एक ढग रिकामा झाला की मागून दुसरा येतो, अंधार सव्वासहालाच पडतो आणि जमीन आधीच पाणी पिऊन तट्ट फुगलेली असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने कात्रजपासून सहकारनगरपर्यंत काय केलं ते पुणेकरांना आठवत असेल. भिंती गेल्या, गाड्या वाहिल्या, वीसहून जास्त माणसं दगावली. त्या दिवशी "नऊपर्यंत थांबून निघतो" म्हणणारा माणूस सर्वांत वाईट वेळी रस्त्यावर आला असता. वाहतं पाणी जेमतेम अर्धा फूट असलं तरी पाय उपटतं, आणि पाण्याखालच्या चेंबरचं झाकण जागेवर आहे की नाही हे वरून कळत नाही. रस्ता दिसत नसेल तिथे सायकल घालायचीच नाही. उतरायचं, मागे फिरायचं.

त्यामुळे या दोन महिन्यांत चारला ढग भरून आले, की मी वाट बघत बसत नाही. हातातलं काम पिशवीत भरतो, सायकल बेसमेंटमध्ये नव्हे तर वरच्या स्टँडला बांधतो (बेसमेंट आधी भरतं), आणि मेट्रोने घरी जातो. वॉचमनमामांना सांगून सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ओढून, खालून गाठ मारून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनेच यायचं असतं, पण संध्याकाळी परत त्याच सीटवर बसायचं असतं, आणि फोममध्ये मुरलेलं पाणी दोन दिवस तरी निघत नाही.