‘स्टुडिओ किट’च्या नावाखाली विकलेला बनावट ऑडिओ इंटरफेस

भजनी मंडळे, दशावताराचे संच आणि हौशी गायक हल्ली मुंबईला न जाता घरीच लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करू लागले आहेत. त्यांना ‘स्टुडिओ किट’ म्हणून जे सामान विकले जाते, त्यात आमच्या मंडळाची कशी फसवणूक झाली ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण गणेशोत्सवाच्या तोंडावर अशा खरेद्या वाढतात.

आमचे मंडळ कणकवली तालुक्यातले. बुवांचा आवाज आणि पखवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे होते, म्हणून दोन माइक घेणारा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोहोचवणारी पेटी, हवी होती. लॅपटॉपचे हेडफोनचे भोक मोबाइलच्या हेडसेटसाठी असते आणि त्यातून माइकला जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्टचा ‘फँटम पॉवर’ पुरवठा लागतो आणि तो इंटरफेसमधूनच येतो. विक्रेत्याने मंडळाच्या खोलीवर येऊन धातूच्या पेटीतला इंटरफेस, माइक आणि हेडफोन असा संच साडेअकरा हजार रुपयांना दिला. पेटीवर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असे ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचे आकडे छापलेले होते आणि ४८ व्होल्टचे बटण दाबताच लाल दिवा लागत होता. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला, माइक त्याला खेटून ठेवला, बुवांना एक गजर म्हणायला लावला आणि तो लगेच ऐकवला. आवाज स्पष्ट आला.

मेख इथेच होती. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून इंटरफेस निवडलेलाच नव्हता, आणि आम्ही ऐकला तो आवाज लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी बसवलेल्या अंगच्या माइकने टिपलेला होता. विक्रेत्याने सॉफ्टवेअरची मांडणी जशीच्या तशी आमच्या लॅपटॉपवर करून दिल्यामुळे हा प्रकार लगेच कळणे शक्यच नव्हते. पुढे ध्वनिमुद्रण करताना लॅपटॉपचा पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस ठसठशीत ऐकू येई, माइकपुढे बसलेले बुवा मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखे वाटत, आणि पेटीवरचे बटण कितीही फिरवले तरी आवाजात तसूभरही फरक पडत नसे. इनपुट बदलून पेटी निवडली, तेव्हा केवळ घरघर उरली. विंडोजमध्ये तिचे नावही ‘यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस’ असे साधे दिसले, एकच चॅनल आणि १६ बिट.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने आधी विंडोजला दोष दिला आणि मग सांगितले की कोकणातल्या दमट हवेत कंडेन्सर माइक असाच वागतो. हे दुसरे उत्तर कोणालाही पटेल असे आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. ओलाव्याने कंडेन्सर माइकमध्ये चरचर येऊ शकते, तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा हेही खरे. परंतु हवा दमट असल्याने ४८ व्होल्टचे पाच व्होल्ट होत नाहीत. बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी माइक काढून, माइकची तार जोडायच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटच्या पिन १ आणि पिन २ यांवर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर धरला. तिथे सुमारे ४८ व्होल्ट, म्हणजे ४४ ते ५२ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. दिसला ४.८. पिन १ आणि ३ वरही तेच. म्हणजे यूएसबीचेच पाच व्होल्ट तिथे आणून सोडले होते. पेटी मोबाइलवर चित्रीकरण करीत उघडली, तेव्हा आत अंगठ्याएवढी यूएसबी साउंड कार्डाची पट्टी गोंदाने चिकटवलेली निघाली. दुसऱ्या माइकच्या सॉकेटला एकही तार नव्हती आणि वजन भरावे म्हणून तळाशी लोखंडी तुकडा बसवला होता.

हेडफोनच्या बाबतीत नुकसान वेगळे झाले. खऱ्या इंटरफेसमध्ये ‘डायरेक्ट मॉनिटर’ असतो, म्हणजे गायकाचा आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट त्याच्या कानात येतो. ती सोय नसेल, तर सॉफ्टवेअरच्या १०२४ सॅम्पलच्या बफरमुळेच, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे पाठवण्यामुळेच, ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, त्यात इतर टप्प्यांचा उशीर मिळतो आणि गाणाऱ्याची लय बिघडते. आमच्या पेटीवर ते बटण होते, पण नुसतेच फिरणारे. ‘मग ब्लूटूथ हेडफोन लावा’ असा विक्रेत्याचा सल्ला होता. ब्लूटूथला त्याहून जास्त उशीर लागतो.

पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या लॅपटॉपवर इनपुटचे नाव स्वतः वाचावे, आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवून एकदा माइकच्या जाळीवर व एकदा लॅपटॉपच्या कॅमेऱ्याजवळ नखाने हलके टकटक करावे. कोणता माइक चालू आहे ते तत्काळ कळते. मल्टिमीटर कोणत्याही वायरमनकडे मिळतो. अस्सल मालाचा उत्पादक आपल्या संकेतस्थळावर ड्रायव्हर, म्हणजे यंत्र लॅपटॉपवर चालवणारे सॉफ्टवेअर, देतो आणि अनुक्रमांकाने नोंदणी करून घेतो. आमच्या पेटीवर अनुक्रमांकच नव्हता, आणि बिल म्हणून मिळाली ती जीएसटी क्रमांक नसलेली पावती.

विक्रेता आता फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. यूपीआयची नोंद, मल्टिमीटरवरच्या आकड्याचे छायाचित्र, पेटी उघडतानाचे चित्रीकरण आणि विक्रेत्याने पाठवलेले ‘४८ व्होल्ट, दोन चॅनल’ असे लिहिलेले संदेश आम्ही तक्रारीसोबत जोडत आहोत.