ऑल्टो सॅक्सोफोन आणि जॅझ: 11 महिन्यांच्या वापरानंतर

रोज साधारण 40 मिनिटं, दर रविवारी सरांकडे दोन तास आणि मार्चपासून महिन्यातून एकदा जॅम, म्हणजे इतर वादकांबरोबर आयत्या वेळची बैठक. एवढ्या वापरानंतर हे लिहितोय. माझं वय 42. लहानपणापासून पेटी वाजवतो, भजनाला आणि घरगुती बैठकीत. फुंकवाद्य याआधी कधी तोंडाला लावलं नव्हतं आणि जॅझ कानावरून जायचं तेवढंच. तेव्हा पुढचं सगळं पेटीवाल्याच्या कानानं लिहिलेलं आहे, हे धरून वाचा.

आधी वाद्याबद्दल. सेकंड हँड ऑल्टो 38,000 रुपयांना घेतला. विकणारा म्हणाला, सर्व्हिसिंग झालंय, लगेच वाजवा. पहिले तीन आठवडे खालचे सी, बी आणि बी फ्लॅट काही केल्या निघेनात. मला वाटलं, माझाच दम कमी पडतोय. सरांकडे गेलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि नळीत एलईडीची बारीक माळ सोडली. एकेक की दाबत गेले. दोन पॅडच्या (भोकं झाकणाऱ्या गाद्यांच्या) कडेनं उजेडाची रेघ बाहेर येत होती. म्हणजे तिथून हवा निसटत होती, आणि खालच्या सुरांना तर सगळी नळी घट्ट बंद लागते. कारागिरानं 5,500 रुपये घेतले. त्याच संध्याकाळी खालचा सी हलक्या फुंकेवर, भरदार निघाला. सेकंड हँड घेणार असाल तर वाजवणारं माणूस बरोबर न्या आणि हा उजेडाचा प्रयोग पैसे देण्याआधी करा.

पावसाळ्यात जी शार्पचं पॅड चिकटतं. वाजवून झाल्यावर त्याखाली पातळ कागद धरून ओलावा टिपून घ्यायचा आणि नळीतून कापड ओढायचं. यात एक दिवससुद्धा सूट नाही. रीड (तोंडाकडे लावायची, फुंकेनं थरथरणारी वेताची पट्टी) दहाच्या डब्यात येतात, त्यातल्या तीन-चारच मनासारख्या लागतात. नंबर वाढला की रीड कडक. मी 2 नंबरवर सुरुवात केली, सातव्या महिन्यात अडीचवर आलो. घाई केली असती तर ओठ आणि सूर दोन्ही बिघडले असते. वाद्याचं वजन मानेवर येतं, त्यामुळे गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यावरचा हार्नेस घ्या.

आवाजाचं मात्र गांभीर्यानं घ्या. पितळी नळीचा आवाज भिंत मानत नाही. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "अहो, तुम्ही शिकताय ते छानच आहे, पण दुपारी यांना झोप लागते हो. संध्याकाळी सातनंतर वाजवाल का?" तेव्हापासून सात ते सात-चाळीस, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून. कपडे आवाज पितात. पहिली दहा मिनिटं नुसते लांब सूर, खर्जाचा रियाज करतो तसे. हे वाद्य एवढ्यानंच सुरात येतं, दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

ऑल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे. त्यावर सी वाजवला की पेटीची काळी दोन (ई फ्लॅट) ऐकू येते. बरेच नवशिके इथं गोंधळतात, पण पेटीवाल्याला याचं काहीच वाटत नाही. गायक बदलला की आपण सा बदलतोच.

आता जॅझ. पहिला अडथळा टाळीचा आला. भजनात आपला हात समेवर पडतो, इथं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायला हवा. सरांनी मेट्रोनोम 60 वर लावला आणि म्हणाले, "हा ठोका दोन आणि चारचा समज. एक आणि तीन तू मनात धर." म्हणजे खरी लय 120. दोन महिने माझा हात घसरून समेवरच यायचा. त्यात स्विंग. एका मात्रेत दोन सूर असले तर ते सारखे पडत नाहीत. मात्रेचे तीन भाग धरा, पहिला सूर दोन भाग घेतो, दुसरा एक. लय वाढली की हा फरक पुसट होत जातो. हे कागदावर समजतं, पण अंगात येतं ते ऐकूनच.

पहिला तुकडा मिळाला तो अमेरिकन बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांचा 'सी जॅम ब्लूज'. चालीत फक्त दोन सूर, पंचम आणि वरचा षड्ज. ऑल्टोवर ई आणि ए. बोटांना काम जवळजवळ नाही, त्यामुळे सगळं लक्ष सूर कधी पडतो याकडे जातं. नवशिक्यासाठी याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. ब्लूजचं आवर्तन 12 बारांचं, चार-चार मात्रांचे बार, म्हणजे 48 मात्रा. चाल एकदा-दोनदा वाजवायची, मग त्याच आवर्तनावर प्रत्येकानं आपलं सांगायचं, शेवटी पुन्हा चाल. बंदिश, विस्तार, पुन्हा मुखडा. हे ओळखीचं वाटलं आणि धीर आला.

पण खरी अडचण त्याच ओळखीत होती. आपल्या कानात तंबोरा असतो. सा हलत नाही, सगळे सूर त्याच्याशी नातं सांगतात. जॅझमध्ये खालची जमीन, म्हणजे साथीची कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर), दर एक-दोन बारांना सरकते. तोच सूर आता घरचा वाटतो आणि दोन मात्रांनी उपरा. चार महिने मी एकच राग धरून सगळ्या कॉर्डवर फिरत होतो. कुठं फार चुकत नव्हतं आणि कुठं काही लागतही नव्हतं.

एका रविवारी सरांनी मला पेटीवर बसवलं. जॅझमध्ये पावलोपावली येणारी तीन कॉर्डची ओळ पांढरी एकमध्ये (सी हा सा धरून) दाखवली. आधी रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, शेवटी सा-ग-प-नी. म्हणाले, "सगळं सोड. फक्त दोन सुरांकडे बघ." पहिल्या कॉर्डमधला सा दुसऱ्या कॉर्डला अर्ध्या सुरानं उतरून नी होतो. दुसऱ्यातला म तिसऱ्याला उतरून ग होतो. बस. मी नुसतं सा-नी, म-ग असं गात राहिलो आणि डाव्या हातानं सर कॉर्ड बदलत राहिले. त्या अर्ध्या सुराच्या उतारात सगळी जमीन सरकल्याचं कळत होतं. अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी जॅझ वेगळं ऐकतो.

त्याच्या उलट बाजूला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही 1959 ची रेकॉर्ड. त्यातल्या 'सो व्हॉट'मध्ये 16 बार एकच स्केल, आठ बार तेच अर्धा सूर वर, पुन्हा आठ बार मूळ जागी. त्या स्केलमध्ये गंधार-निषाद कोमल, म्हणजे आपला काफी थाट. पेटी-तबल्यावर वाढलेल्यांनी ऐकायला इथून सुरुवात करावी, असं मी आता सगळ्यांना सांगतो. तिच्यातला ऑल्टो कॅननबॉल अॅडर्ली यांचा. त्यांचे आठ बार मी आधी गाऊन पाठ केले, मग बोटांवर घेतले. पाच आठवडे लागले. मींड ऐकायची असेल तर एलिंग्टन यांच्या बँडमधले जॉनी हॉजेस. त्यांचा सूर खालून असा येतो, की वाद्याला कीज आहेत हे विसरायला होतं.

आमचे सर मूळचे गोव्याचे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेल्या वादकांच्या घराण्यातले. 1935 मध्ये अमेरिकन लिऑन अॅबे यांचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजला, तिथपासूनचं ते घरचं असल्यासारखं सांगतात. 1978 ची पहिली जॅझ यात्रा (मुंबईतला जॅझ महोत्सव) आणि तिच्यातले सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्यांनी समोर बसून ऐकलेत. त्यांच्याकडूनच कळलं, की आईच्या आवडत्या सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'त (1951) ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट हे गोव्याचे, मुंबईच्या जॅझमधलं मोठं नाव. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी जॅझच ऐकत होते की रे."

घरी साथीला मोबाइलवरचं अॅप आहे. कॉर्ड टाकल्या की पियानो, बेस आणि ड्रम्स वाजतात, लय आणि पट्टी हवी तशी बदलता येते. रियाजाला उत्तम. पण मार्चमधल्या पहिल्या जॅमला कळलं की माणसांची साथ वेगळीच. नवव्या बारला पंचमाच्या कॉर्डवर जायचं, तिथं मी हरवलो. बोटं थांबली. बेसवरचे काका सत्तरीचे. त्यांनी माझ्याकडे बघत प्रत्येक 'एक'वर हनुवटी हलवली, पियानोवरच्या डॉक्टरांनी कॉर्ड जरा ठळक दाबली आणि पुढच्या आवर्तनाला मी परत आत होतो. कुणी काही बोललं नाही. नंतर चार-चार बारांची देवाणघेवाण झाली, अगदी सवाल-जवाबासारखी, आणि ड्रमवरच्या कॉलेजच्या मुलीनं माझाच तुकडा उचलून मला परत दिला. अकरा महिन्यांतलं ते सगळ्यात मोठं मिळणं. तुम्ही शिकत असाल तर सहा महिन्यांच्या आत माणसांत जा, तयारी पूर्ण व्हायची वाट बघू नका. मी उशीर केला.

परवाच्या जॅमनंतर बेसवाल्या काकांनी विचारलं, "तू पेटी वाजवतोस ना? पुढच्या वेळी घेऊन ये. बी फ्लॅटमध्ये ब्लूज करू." बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. कालपासून बसवतोय. एका हातात भाता असल्यामुळे कॉर्ड आणि चाल एकदम जमत नाही, म्हणून सध्या फक्त तेच दोन उतरते सूर धरतोय.