पावसात विकली जाणारी ‘फुल्ल रिग’ कयाक

बारा फुटी कयाक म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, त्यावर पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर, होडी ढकलणारी विजेची ट्रोलिंग मोटर, लिथियम बॅटरी, रॉड होल्डर, लाइफ जॅकेट, सगळं बसवून घरपोच. अशी ‘मान्सून ऑफर’ तुमच्याही फोनवर आली असेल. माझे त्यात सव्वा लाखाच्या आसपास गेले आणि कयाक तेवढी खरी निघाली. ती चांगलीच आहे, आजही वापरतो. पण खरी गोम तिथेच आहे. प्लॅस्टिकचा सांगाडा दणकट दिसला, वल्हं नीट निघालं, की सोबतच्या खोक्यांवर कुणी संशय घेत नाही. विकणाऱ्याची कमाई सगळी त्या खोक्यांत.

ऑफर जूनमध्येच का येते हे कळलं की अर्धी लबाडी उघडी पडते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावर कोळ्यांच्या होड्या उतरतात, आणि आम्हा हौशी गळवाल्यांचंही गणित साधारण तेच. खाडीचं पाणी गढूळ, वारा उलटासुलटा; कयाक घेऊन त्यात शिरणारा शहाणा नाही. म्हणजे जूनच्या मध्याला आलेला माल सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली. आणि अटी काय, तर सात दिवसांत परत, साठ दिवस वॉरंटी. माल पहिल्यांदा पाणी बघतो तेव्हा विकणारा कागदोपत्री कधीच सुटलेला असतो.

कागदही बघण्यासारखा होता. बिलावर एकच ओळ: ‘कयाक विथ ॲक्सेसरीज, १ नग’. फिश फाइंडरचं मॉडेल नाही, बॅटरीची क्षमता नाही, मोटरचा जोर नाही. पुढे भांडायची वेळ आली तर काय कबूल केलं होतं हे सांगायला तेवढीच ओळ. बिलावरचा जीएसटी क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, हे कुणालाही फुकट दिसतं. माझ्या बिलावरची नोंदणी रद्द झालेली होती.

आता फिश फाइंडर. पैसे घेण्याआधी त्या माणसाने व्हिडिओ कॉलवर तो चालवून दाखवला. पडद्यावर तळाची रेघ, तिच्यावर माशांच्या कमानी, खोली अठरा मीटर, एकोणीस, पुन्हा अठरा. “सर, पिक्चर बघा, एचडी आहे.” पिक्चर सुंदरच होतं. त्या कॉलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, आणि त्यात ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा पाण्यात बुडवायचा भाग, काउंटरवर वायरीच्या गुंडाळीसकट कोरडा ठणठणीत पडलेला दिसतो. अठरा मीटर पाणी होतं कुठे? बहुतेक फिश फाइंडरांत दुकानात दाखवण्यासाठी डेमो मोड दिलेला असतो. त्यात आधी भरलेलं चित्र फिरत राहतं, पाण्याशी काही संबंध नसतो.

खरं यंत्र ट्रान्सड्यूसरमधून ध्वनीचा ठोका पाण्यात सोडतं आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १५ मीटर खोलीला जाऊन-येऊन २० मिलिसेकंद. हवेत हे जमत नाही. कोरड्यात प्रामाणिक यंत्र खोलीच्या जागी नुसत्या रेघा दाखवतं. म्हणून विकणाऱ्याला आधी डेमो बंद करायला सांगा, मग ट्रान्सड्यूसर बर्फाच्या पाण्यात बुडवायला सांगा. बहुतेक ट्रान्सड्यूसरांत तापमानाचा सेन्सर असतो. आकडा भराभरा खाली आला तर निदान जोडणी जिवंत आहे. माझ्याकडे आलेल्या यंत्रात तापमानही नव्हतं आणि खोलीही नव्हती. ट्रान्सड्यूसर दुसऱ्याच स्वस्त यंत्राचा, त्याचा प्लग कानशीने घासून बसवलेला. खोक्यावर छापलेला अनुक्रमांक एक आणि यंत्राच्या सेटिंगमधल्या माहितीच्या पानावरचा दुसराच. खोक्यावर दोन-दोन फ्रिक्वेन्सी आणि बाजूचं चित्र दाखवण्याची बढाई. आत साधा २०० किलोहर्ट्झचा एकच झोत.

एवढ्यावर भागलं असतं तर मासे दिसले नाहीत म्हणून चरफडलो असतो आणि सोडून दिलं असतं. बॅटरीचं प्रकरण वेगळं आहे, तिथे जिवाशी गाठ पडते.

लेबलवर लिहिलेलं: लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, ४० अँपियर-अवर (म्हणजे ४० अँपियर तासभर). या जातीच्या पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने असतात. बाजारात सर्रास मिळणारा ६ अँपियर-अवरचा गोल सेल घेतला तर चाळीसच्या घरात जायला चार-चार सेलांच्या सात ओळी, म्हणजे २८ सेल लागतात. असा एक सेल साधारण १४० ग्रॅमचा. नुसते सेलच चार किलोच्या आसपास भरले पाहिजेत, वर डबा आणि वायर वेगळी. माझी बॅटरी डब्यासकट दोन किलोही भरेना. यासाठी अभियंता लागत नाही, किराणा दुकानातला काटा पुरतो.

ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे डबा उघडून घेतला. स्वतः घरी असले डबे फोडू नका, शॉर्ट झालं तर आग लागते. आत आठ सेल, उरलेल्या जागेत थर्माकोल. सेलांवर जुन्या स्पॉट वेल्डिंगचे डाग, म्हणजे तेही कुठल्यातरी गाडीतून उतरवलेले. सेलांचं रक्षण करणारा बीएमएस २० अँपियरचा. आता मोटर बघा: ५५ पौंड जोराची म्हणून दिलेली. त्या जोराची खरी मोटर पूर्ण वेगात ५० अँपियरपर्यंत ओढते. म्हणजे लेबल खरं धरलं तरी बॅटरी पूर्ण वेगात तासभरसुद्धा पुरली नसती. आणि जाहिरातीत ‘दिवसभर चालवा’. नुसता भागाकार केला तरी ते वाक्य कोसळतं.

यात आणखी एक वाईट गुण आहे. शिशाची जुनी बॅटरी मरताना कुरकुर करते, मोटर मंदावते, माणूस सावध होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, आणि बीएमएसने हात काढला की एका क्षणात सगळं बंद.

तसंच झालं. रेवदंड्याच्या खाडीत, साळाव पुलाच्या खालच्या अंगाला जिताड्याच्या आशेने गेलो होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली. कुंडलिकेचं पाणी कोर्लईच्या बाजूने समुद्रात ओढायला लागतं तेव्हा त्याला जोर किती असतो हे तिथल्या लोकांना विचारा. परत वळण्यासाठी मोटर पूर्ण दाबली आणि मोटर, पडदा, रात्रीचा दिवा, सगळं एकदम काळं. सगळ्याची जोडणी त्या एकाच डब्यावर करून दिलेली होती. फिश फाइंडरला स्वतःची छोटी बॅटरी वेगळी असावी, म्हणजे मोटर गेली तरी पडदा राहतो आणि मोटरचा विजेचा गोंगाट चित्रात उतरत नाही. जाणकार कधीच एकत्र जोडत नाही. वल्हं मारत होतो, पण कयाक जागची हलत नव्हती. एका कोळीदादांनी होडी वळवून दोर टाकला आणि किनाऱ्याला लागेपर्यंत हसत होते. “मासं बगाला टीव्ही, न घरा जावाला आमची होरी!”

बॅटरीची घरच्या घरी परीक्षा घ्यायची असेल तर गाडीचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब जोडा. तो साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. खरी चाळीसची बॅटरी तो आठ-नऊ तास पेटता ठेवते. माझा बल्ब दोन तासांतच विझला. बल्ब भयंकर तापतो, फरशीवर ठेवा आणि पोरांना लांब ठेवा. एवढं भर पावसात, ओसरीवर बसून होतं. त्यासाठी समुद्र लागत नाही.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. वायर कापून टोक चाकूने खरवडा: वरून चंदेरी आणि आत तांबडी असेल तर कथिल चढवलेलं तांबं, खाऱ्या हवेला तीच हवी. उलट वरून तांबडी आणि आत चंदेरी असेल तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ती खाडीत फार टिकत नाही. लाइफ जॅकेटमध्ये पॅकिंगचा स्पंज भरलेला होता. बादलीत दाबून धरला तर पाणी पीत बसला. आणि ‘भेट’ म्हणून विकणारा एक वापरलेलं उपग्रह संदेशयंत्र द्यायला निघाला होता. ते मात्र हातात घेऊ नका. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असलं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे आणि किनाऱ्यावर तर पोलिसांची नजर अधिकच कडक. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फुकट आहे, मोबाइलला रेंज असेल तिथे तोच आधी लावावा.

फोन केल्यावर विकणाऱ्याचं पहिलं उत्तर: “सर, साठ दिवस झाले.” दुसरं उत्तर जपून ठेवण्यासारखं आहे: “खाऱ्या पाण्याचा संपर्क आला की वॉरंटी जाते, सर.” समुद्रात मासे धरायच्या कयाकचं सामान, त्याला खारं पाणी वर्ज्य! तिसऱ्यांदा त्याने विचारलं, डबा कुणी उघडला, मग तर छेडछाड झाली. नशिबाने उघडण्याआधी काट्यावर ठेवून वजनाचा फोटो काढला होता, सील तुटण्याचं अखंड चित्रीकरण होतं आणि कारागिराने लेटरहेडवर काय सापडलं ते लिहून दिलं होतं. ज्यांच्याकडे असा डबा पडून आहे त्यांनी तो उघडण्याआधी एवढं नक्की करा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे भरून माल आलाच नाही, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता तिथेच असते. माल आला पण खोटा आला, तर मार्ग ग्राहक आयोगाचा. विकणारा परराज्यातला असला तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार लावता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हेल्पलाइनचं पत्र गेल्यावर त्या माणसाने मोटरचे म्हणून काही पैसे परत पाठवले आणि सोबत ‘तक्रार मागे घेतो’ असा तयार मजकूर. पैसे ठेवून घेतले, मजकुरावर सही केलेली नाही. आयोगात तक्रार लागली आहे, तारीख पडली आहे. दरम्यान तोच काउंटर, तोच कोरडा ट्रान्सड्यूसर आणि अठरा मीटरचं तेच पाणी असलेला व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने फिरतो आहे.