बेडकासाठी रॉड घेताना: हेवी की मिडियम-हेवी?

पोकळ रबरी बेडूक हा मुळात अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठी घडवलेला ल्यूअर, म्हणजे नकली आमिष. विदर्भाच्या पाण्यात बास नाही, पण मरळ आहे, आणि शिंगाड्याच्या वेलांवरून टुणटुणत जाणारा बेडूक पाहून तिलाही राहवत नाही. त्यामुळे नागपुरात ज्याला गळाचा नाद लागला त्याच्या डब्यात दोन-चार बेडूक निघतातच. अडतं ते रॉडवर: कडक 'हेवी' घ्यायचा की जरा नरम 'मिडियम-हेवी'. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, 'मरळीसाठी हेवीच घ्या.' मीही तेच ऐकून ७ फूट ४ इंची हेवी रॉड घेतला आणि तीन हंगाम तोच वापरला. गेली दोन वर्षं मात्र माझ्या हातात ७ फुटी मिडियम-हेवी आहे. दोन्ही कास्टिंग रॉड, दोन्हींवर रील तीच, दोरा तोच ५० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा. म्हणजे फरक जाणवला तो रॉडचाच.

आधी हेवीच्या बाजूने बोलतो, कारण त्याने मला खूप दिलं आहे.

भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारी तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावावर, आम्ही दरवर्षी जातो. तलाव तिथल्या मच्छीमार संस्थेकडे आहे, त्यांना विचारूनच पाण्यात दोरा टाकतो. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की समोर तीस-चाळीस फूट नुसतं कमळ, त्यापुढे मोकळं पाणी. मरळ त्या पानांच्या कडेला दबा धरून असते. एका सकाळी बेडूक पानावरून पाण्यात उतरला आणि खालून असा भस्सकन आवाज झाला की शेजारी उभा असलेला मित्र दचकला. मी दोन आकडे मोजले, दोरा ताणला गेला तसा हिसका दिला, आणि हेवी रॉडने त्या मासोळीला खाली जाऊच दिलं नाही. तोंड वर, अंग पानांवर, अशी ती घसरतच पारीपर्यंत आली, सोबत कमळाचे दोन देठ. अंदाजे दोन किलोची. मिडियम-हेवीने ती आली असती का? आली असती असं मला वाटतं, पण छातीठोकपणे नाही सांगत.

मरळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बास तोंड उघडते आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेते, तिचे दात म्हणजे खरखरीत कानशीसारखे. मरळ चावते. तिचे दात खरे दात आहेत आणि तोंड हाडासारखं कडक. बेडकाचे दोन्ही गळ वर, पाठीला चिकटून असतात, म्हणून तो वेलीत अडकत नाही. पण म्हणूनच ते पोकळ अंग पुरतं दाबलं गेल्याशिवाय गळ रुततही नाहीत. तेव्हा हिसक्याला जोर हवा, हे दुकानदाराचं म्हणणं चूक नाही.

मग बदलला का? कोपरामुळे.

बेडूक नुसता ओढत आणायचा नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. वेलींतल्या एखाद्या मोकळ्या भोकात तो आणून जागच्या जागी डावी-उजवी मान हलवत ठेवायचा असतो. त्यासाठी रॉडचं टोक खाली, जवळजवळ पाण्याकडे, दोरा ढिला, आणि मनगटाने छोट्या छोट्या टिचक्या. टिचकी दिली की लगेच टोक परत पुढे, म्हणजे दोरा पुन्हा ढिला. बेडकाची मान वळते ती त्या ढिल्या दोऱ्यामुळेच. आता टोक खाली गेलं की रॉडचं बुड, म्हणजे रीलच्या मागची मूठ, वर तुमच्या हाताकडे येतं. माझ्या हेवी रॉडचं बुड रीलच्या मागे बारा इंच होतं. प्रत्येक टिचकीला ते कोपराच्या अलीकडे, हाताच्या आतल्या बाजूला आपटायचं. बुड बाजूला काढलं तर बरगडीला. सुरुवातीला लक्षात येत नाही. सकाळी साडेपाचला सुरू केलं आणि साडेआठला ऊन चढेपर्यंत शे-दोनशे वेळा बेडूक टाकला, प्रत्येक खेपेला वीस-तीस टिचक्या, असा हिशेब धरा. पहिल्या हंगामात हातावर रुपयाएवढा निळा डाग कायम असायचा.

दुखण्याचं मला फारसं नव्हतं. नडलं ते त्यातून जे घडलं ते. बुड लागू नये म्हणून नकळत मी टोक वर धरायला लागलो. टोक वर गेलं की दोरा ताणलेला राहतो, आणि टिचकीसरशी बेडूक मान हलवण्याऐवजी पुढे उडी मारतो. हे मला स्वतःला दिसलं नाही. बाजूने बघणाऱ्या मित्राने दाखवलं, 'अबे, तुझा बेडूक चालून नाही राहिला, पळून राहिला.' त्याचा बेडूक एका भोकात मिनिटभर नाचत होता, माझा दोन टिचक्यांत भोक ओलांडून वेलींवर. जिथे मासोळी बसलेली, तिथेच माझा बेडूक सर्वांत कमी वेळ थांबत होता. वर येते आणि चुकते अशी मरळ मला जास्त मिळायची, त्याचं कारण मी गळाच्या धारेत शोधत बसलो होतो.

त्याच दिवशी मित्राचा ७ फुटी मिडियम-हेवी मागून घेतला. बुड नऊ इंच. टोक खाली धरलं, टिचकी दिली, आणि हात मोकळा. बेडूक एका कमळाच्या पानाच्या कडेला मी मोजून चौदा वेळा हलवला, जेमतेम वीतभर पुढे सरकला. त्या सकाळी मासोळी लागली नाही, पण माझा रॉड ठरून गेला.

बुड कापून घेता येतं, काहीजण घेतातही. मी विचार केला होता. पण मागचं वजन गेलं की पुढचं टोक जड वाटायला लागतं, आणि लांब हेवी रॉडचं टोक आधीच जड. मनगट तासाभरात बोलायला लागतं.

बाकीचे फरक थोडक्यात सांगतो. मोठा, बासच्या मापाचा १५-१८ ग्रॅमचा बेडूक दोन्ही रॉड छान फेकतात. पण आपल्याकडे सात-आठ ग्रॅमचे छोटे बेडूक फार चालतात, उन्हाळ्यात पाणी आटलं की मरळ तेच जास्त घेते असा माझा अनुभव आहे. हेवी रॉड एवढ्याशा वजनाला वाकतच नाही, मग तुम्ही ताकदीने फेकता आणि रीलमध्ये दोऱ्याचं घरटं होतं. मिडियम-हेवीवरही आठ ग्रॅम म्हणजे सुख नाही, पण जमतं. दुसरं, आपण बहुतेक वेळा काठावरून खेळतो, पाठीमागे बेशरमची झुडपं किंवा बाभूळ. ते चार इंच मागच्या फांदीत किती वेळा अडकतात ते काठावर उभं राहिल्यावरच कळतं. तिसरं, गाडीवर न्यायचा असेल तर दोन तुकड्यांचा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. माझा दोन तुकड्यांचाच आहे, आणि सांध्याने मला अजून दगा दिलेला नाही.

मिडियम-हेवीवर हिसका कमी पडतो का, ही शंका मलाही होती. दोन वर्षांत एक चांगली मासोळी मी त्याच्यामुळे गमावली असं प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिंगाड्याच्या दाट वेलीत तिने डोकं खुपसलं आणि मला ते वर काढता आलं नाही. हेवी असता तर कदाचित निघालं असतं. पण बाकीच्या वेळी दोन गोष्टींनी काम भागलं. एक, ब्रेड दोरा ताणत नाही, त्यामुळे रॉडची थोडी नरमाई खपून जाते. याच रॉडवर साधी नायलॉन लावाल तर मात्र पस्तावाल. दुसरी, नवा बेडूक आला की त्याचे दोन्ही गळ पक्कडीने अगदी किंचित, चिमूटभर, बाहेरच्या बाजूला वाकवायचे. जास्त वाकवले तर प्रत्येक पानाला अडकतील. आणि हिसका देण्याआधीचा तो एक श्वास थांबणं, ते कुठल्याच रॉडने सुटत नाही.

तुमचं सगळं खेळणं दाट कमळात किंवा जलपर्णीत असेल, बेडूक कायम मोठाच वापरत असाल आणि तुमची उंची चांगली असेल, तर हेवीच घ्या, मी अडवणार नाही. मी साडेपाच फुटांचा आहे; सहा फुटी माणसाला तेच बारा इंची बुड कदाचित जाणवणारही नाही. पण एकच रॉड घ्यायचा असेल, आणि तो वेली, मोकळं पाणी, काठ असा सगळीकडे चालवायचा असेल, तर माझा हात मिडियम-हेवीकडे जातो.

मात्र रॉडवर छापलेल्या शब्दावर जाऊ नका. एका कंपनीचा मिडियम-हेवी दुसरीच्या हेवीएवढा कडक निघतो. किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंतचा ल्यूअर फेकायचा ते लिहिलेलं असतं, ते बघा. साधारण १० ते २८ असेल तर बरं. आणि दुकानात जाताना स्वतःची रील सोबत न्या. रील बसवा, टोक जमिनीकडे धरा, कोपर अंगाशी ठेवून पन्नास टिचक्या मोजून द्या. दहांत काही कळत नाही. दुकानदाराला घाई असेल तर दुपारी जा, तेव्हा गर्दी नसते. बुड हाताला लागलं तर तो रॉड परत ठेवा आणि त्याच्या शेजारचा उचला.